पिलर आमचा, स्कोप नानांचा

तो पिलर वाकडा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काँक्रीट ओतताना सेंट्रिंगच्या फळ्या सरकल्या. आमच्या मिस्त्रींनी वरून गिलावा मारून झाकलं. माल मीच कालवून दिला.
मिस्त्री म्हणजे माझा नवरा.

शूटिंग रेंजच्या कंपाउंडचा पिलर. वर ना स्लॅब, ना काही. म्हटलं कोणाचं काय बिघडणार आहे?

बिघडलं. माझ्याच पोरीचं.

आज सकाळी नाना गेले. धुळ्याच्या रेंजवरचे आमचे नाना.
आयुष्यभर फौजेत बंदुका दुरुस्त केल्या. रिटायर होऊन आले आणि रेंजवरच्या रायफलींना दुर्बीण, म्हणजे स्कोप, बसवून द्यायला लागले. माझी पूनम तिथेच शूटिंग शिकली.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट.

पूनमच्या रायफलला नानांनी नुकताच नवा स्कोप बसवला होता, बाकी पोरींचे जुनेच होते. तिच्या गोळ्या पन्नास मीटरवर एकदम मधोमध. दोनशे मीटरवर गेलं की दोन बोटं उजवीकडे.
वारा असो नसो. दर वेळेला उजवीकडेच.

नानांनी तीनदा स्कोप खोलला, तीनदा बसवला. तरी तेच.
मग सगळे पोरीच्या मागे लागले. श्वास चुकतो, ट्रिगरला झटका देते, हात हलतो.
सिलेक्शनला आठ दिवस होते. नाना तिला म्हणाले, तू बस, मी दुसरीला उभी करतो.

मी रेंजवरच होते. पोरगी माझ्याजवळ आली, पाण्याची बाटली ठेवली.
"मम्मी, मी सोडते. माझा हातच खराब आहे."

मला धीर निघत नाही, हे वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.
तशीच नानांच्या खोलीत घुसले. म्हटलं पोरीला घालवायच्या आधी मला दाखवा तुम्ही काय करता ते.

नाना चिडले. पण दाखवलं.
रायफल टेबलावर घट्ट पकडलेली. तिच्यावर छोटी लेव्हल, बुडबुडा बरोबर मध्ये. म्हणजे रायफल सरळ. आता स्कोपच्या आत जी उभी रेघ असते ती पण सरळ पाहिजे. ती लांबच्या कशाला तरी जुळवायची, आणि मग स्क्रू आवळायचे.

मी पहिल्यांदाच त्या स्कोपला डोळा लावला.
रेघ बरोबर एका पिलरच्या कडेला लावलेली.

आमचा पिलर.

बोलले तर नवऱ्याचं काम उघडं पडतं. गप्प बसले तर पोरगी घरी.

"नाना, तो पिलर वाकडा आहे."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची रायफलच पाडली.
"इंजिनिअरनी पास करेल पिलर वाकडा शे, आनि तू चौथी पास सरळ शे?"

मी मिस्त्रींच्या पिशवीतला ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का बघायचा दोरीला टांगलेला गोळा, आणला आणि पन्नास मीटरवरच्या टार्गेटच्या फ्रेमला बांधला. वाऱ्याने हलत होता, म्हणून खालचा गोळा पाण्याच्या बादलीत सोडला. दोरी शांत झाली.

म्हटलं आता बघा.

नानांनी डोळा लावला. दोरी बघितली. पिलर बघितला. परत दोरी.


मग मलाच समजावून सांगायला लागले. लांब मारायचं तर गोळी खाली पडते, म्हणून स्कोपची चकती एकेक क्लिक फिरवून नेम वर चढवावा लागतो. रेघच तिरपी असेल तर वर चढता चढता नेम बाजूला पण सरकतो.

मला लगेच कळलं. विटांचा पहिला थर तिरपा लागला तर कोणाला दिसत नाही. दहाव्या थराला सगळ्या गावाला दिसतो.

त्यांनी स्क्रू ढिले केले. रेघ दोरीवर आणली. परत स्क्रू आवळले, एक इकडचा, एक तिकडचा, थोडा थोडा. पूनमला बोलावलं.

पाच गोळ्या. दोनशे मीटर.
पाचही मधोमध.

नानांनी सगळ्यांसमोर टोपी काढून हातात घेतली.
"पोरी, तुन्हा हात बराबर शे. चूक मन्ही व्हती."



सगळे गेल्यावर मी नानांना सांगून टाकलं, पिलर आमचा आहे. वाटलं आता शिव्या पडणार.
नाना म्हणाले, "मंग हाऊ ओळंबा आठेच राहू दे."
बस. ओळंबा इथेच राहू दे, एवढंच. नानांनी कोणाला कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी पूनमचं सिलेक्शन झालं नाही. एका पॉइंटने गेलं. पण रडली नाही. म्हणाली, मम्मी, आज चुकलं ते माझं चुकलं.
पुढच्या वर्षी झालं.

आज नानांच्या घरी गेले होते. अक्का, म्हणजे नानांची बायको, माझा हात धरून एक गोष्ट बोलल्या. मला माहीतच नव्हतं.
त्या आठवड्यात नाना घरी सांगून बसले होते, माझी नजर गेली, आता रेंजवर जाणार नाही. हत्यारांची पेटी शेजारच्याला द्यायला काढून ठेवली होती.
त्या दिवशी संध्याकाळी आले आणि पेटी परत आत नेऊन ठेवली.

म्हणजे मी गप्प बसले असते तर पोरगी हात खराब म्हणून घरी बसली असती, आणि नाना डोळे खराब म्हणून.
दोघंही चांगले असताना.

अक्कांच्या पायरीवर बसून रडले. पण खरं सांगते, हलकं वाटलं. सहा वर्षं मला वाटायचं की मी त्या माणसाला चारचौघांत मान खाली घालायला लावली.

हे लिहू का, म्हणून आमच्या मिस्त्रींना विचारलं. म्हणाले, लिही, पिलर अजून पडला नाही.

आता रेंजवर नव्या पोरींना स्कोप पूनम बसवून देते. ओळंबा तिथेच आहे. बादली बदलली, दोरी बदलली, गोळा तोच.

नाना, तुमची नजर शेवटपर्यंत चांगली होती. वाकडा आमचा पिलर होता.

बरं, या आता. आमच्या घरच्या सगळ्यांचा नमस्कार.