संपतनानांनी पाहिलेला रशियन सिनेमा

आमच्या भोरच्या फिल्म क्लबातले सिनेमे कुणाच्या लक्षात राहत नाहीत, किस्से मात्र साठत जातात. त्या एका रशियन सिनेमाचेच बघा ना!

सिनेमा असा: बेघर झालेला एक माणूस बर्फातून फिरतो आणि भेटेल त्याला विचारतो, "माझं घर कुठंय?" प्रत्येक जण वेगळीच दिशा दाखवतो. बस्स, एवढंच! क्लब चालवणारे आमचे सर आधी एकाकीपणावर लांबलचक बोलले. इंटरव्हलला क्लबातल्या शैलाताई म्हणाल्या, "सर, त्याला घर नाही म्हणून तो फिरतोय. आपण का बसलोय?"

*

प्रेक्षकांत संपतनाना होते. वेल्ह्याकडचे शेतकरी. गुंजवणीच्या धरणात घर गेलं, तेव्हापासून भोरला मुलाकडे. सिनेमातला माणूस चौकात घुटमळला, तसे नाना मोठ्यानं ओरडले, "त्यांस्नी काय इचारता? खालच्या अंगाला जावा!"

हॉलमध्ये हशा! तेवढ्यात पडद्यावरच्या माणसानं मान वळवली, उतार धरला आणि खाली निघून गेला.

हशा तिथंच थांबला.

*

सरांनी दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर सिनेमा पुन्हा पाहिला. लगेच मला फोन. "अरे, यात तो वर जातो!"

"सर, कॉपी दुसरी असेल."

"पेनड्राइव्ह तोच आहे रे."

*

नाना अधूनमधून जुन्या गावाकडं जायचे. एकदा एसटीत मी शेजारीच होतो. त्यांनी गावाचं नाव सांगून तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणाला, "नाना, ते गाव पाण्यात गेलं की."

"मंग पान्यापातुर द्या!"

*

मे महिन्यात धरणाचं पाणी ओसरलं, तेव्हा नाना सरांना, शैलाताईंना आणि मला घर दाखवायला घेऊन गेले. भर दुपार. भेगाळलेला गाळ, ना झाड, ना आडोसा. दगडांची एक ओळ तेवढी शिल्लक होती. तिच्यापाशी नानांनी चपला काढल्या. आम्हीही काढल्या. तळपाय भाजत होते.

"बसा. हे माजघर."

बसलो. शैलाताईंनी हलकेच विचारलं, "नाना, भोरला करमतं का हो?"

"तितं समदं हाय, ताई. पर 'कवा आलास' म्हून कुणी इचारत न्हाई." मग कपाळावर हात धरून म्हणाले, "ऊन लई आत याया लागलंय. तेवढं दार लोटा."

शैलाताईंनी आमच्याकडं पाहिलं. नानांचं मन मोडवेना, म्हणून त्या उठल्या, हात पुढं केला आणि हवेतच ढकलला.

आमच्या अंगावरचं ऊन गेलं.