माईच्या शेजारी बसलेली बाई

मामेभावानं हुडकेश्वरला नवं घर बांधलं आणि जुन्या सामानात सापडलेलं एक चित्र हॉलमध्ये लावलं. खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसलेल्या दोन बायका, रंगात काढलेल्या. आई अन् मी वास्तुपूजेला गेलो तेव्हा तो कौतुकानं म्हणाला, "आपली माई, अन् तिची बहीण."

माई म्हणजे आईची सावत्र आई. सख्खी आई गेली तेव्हा आई रांगतही नव्हती. त्या सख्ख्या आईचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. आईनं सत्तरी ओलांडली, पण आपल्या आईचं नाक कसं, डोळे कसे, हे तिला कुणीच दाखवू शकलं नाही.

चित्रं निरखायची मला भारी खोड. पानं मांडणं चाललं होतं आणि मी चष्मा पुसून भिंतीशी उभी. एकदम दिसलं! माईच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून, दुसरीच्या उजवीकडून. म्हणजे या दोघी एका जागी कधी बसल्याच नव्हत्या! पेंटरनं दोन वेगळे फोटो बघून त्यांना शेजारी बसवलं होतं.

मग माईचा गळा पाहिला. पोत होती, एकदाणी होती, टाक नव्हता. दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत.

"आई, माई टाक कधी काढून ठेवायची का?"

"नाही वं. आंघोळीलेबी नाही काढे. काहून?"

"मग इथं काहून नाही?"

"पेंटर विसरला असन," मामेभाऊ म्हणाला.

"बोटातली अंगठीसुद्धा रंगवली त्यानं, अन् टाक विसरला? अरे, जी शेजारीच बसली आहे, तिचा टाक कशाला घालायचा?" मी जवळजवळ ओरडलेच. "फोटो कुठून मिळवला देव जाणे, पण माईनंच सांगून काढवून घेतलं हे! आई, ही तुझी आई!"

वाढणारे हात थांबले. मामेभावानं चित्र उतरवून आईच्या मांडीवर ठेवलं. तिनं पदरानं काच पुसली. चित्रातली माई पोक्त होती. ती दुसरी जेमतेम विशीची. आता आई रडणार, असं मला वाटलं. पण तिनं त्या गालावर बोट ठेवलं आणि नातीशी बोलते तशा आवाजात म्हणाली, "केवढीशी पोरगी वं तू, माय!"