पार्बताबाईंचं तिखाडीचं तेल

अकोल्याच्या जुन्या शहरात पार्बताबाई सकाळी भाजी विकायच्या आणि दुपारी मोडलेली हाडं बसवायच्या. हाड चाचपून जागेवर आणायचं, बांबूच्या कामट्या लावायच्या, कापडाने आवळायचं आणि वरून रोज तिखाडीच्या गवताचं तेल सोडायचं, ही त्यांच्या सासूपासूनची रीत. हेच तेल त्या लोणच्याच्या बरणीवरच्या फडक्यालाही लावत. त्यांच्या बरणीला बुरशी आलेली गल्लीत कोणी पाहिली नव्हती.

१९३८च्या उन्हाळ्यात ओमप्रकाश नावाचे मास्तर त्या तेलामागे लागले. ते अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. पार्बताबाईंच्याच ओसरीवर त्यांनी ओल्या भाकरीचे दोन तुकडे दोन वाट्यांखाली झाकले आणि एका वाटीखाली तेलात बुडवलेला कापसाचा बोळा ठेवला. चौथ्या दिवशी एक तुकडा हिरवागार. बोळ्याजवळचा होता तसाच.

"तेल बुरशी रोखतं, हे खरं," मास्तर म्हणाले. "पण हाड जोडतं असं मला वाटत नाही, बाई."

"हाड का भाकरी हाये, मास्तर? आजलोक तेलानंच जुयून राह्यले सारे."

आठ दिवसांनी भाजीची पाटी उतरवताना पार्बताबाई पायरीवरून घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. ते वाकडं जुळलं असतं तर हाडं बसवणं कायमचं बंद. सून वच्छला आजवर फक्त कामट्या तासून द्यायची. बांधायला त्यांनी तिला कधी बसू दिलं नव्हतं. आता तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"वढ. अजून वढ! दुखते मले, अन् तू काहून रडून राह्यली?"

"आत्याबाई, तुमीच वढ म्हनता अन् तुमीच शिव्या देता!"

रविवारी मास्तर भेटायला आले. पार्बताबाईंनी बांधलेला हात त्यांच्यापुढे धरला.

"पाहा, थेंबभर तेल नाई लावलं. लावनारबी नाई. वाकडा झाला तं तुमच्या दारात येऊन बसन."

वच्छलेने कपाळाला हात लावला, पण सासूबाई हटल्या नाहीत.

सव्वा महिन्याने बांधणी सोडली. मास्तरही हजर होते. मनगट सरळ होतं. कापडाखालची कातडी मात्र चिघळली होती आणि तिला वास येत होता. असं पार्बताबाईंनी बांधलेल्या कोणाचंही आजवर झालं नव्हतं. मास्तरांनी दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या. पार्बताबाई बराच वेळ मूठ उघडून-मिटून पाहत राहिल्या.

"हाड बांधल्यानं जुयलं," त्या शेवटी म्हणाल्या. "तेल कातडी सांभाळते. लिवा तसं."

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरहून एक बाई मोडलेला हात घेऊन आली. पार्बताबाईंनी तेलाची बाटली आपल्याजवळ ओढली आणि कामट्या वच्छलेपुढे सारल्या.

"बस पुढं," त्या म्हणाल्या. "बांध तूच."