पळसाच्या पानांचा लालासाहेब

शालूबाईला हेवा वाटायचा तो जावेच्या नवऱ्याच्या कुबडीचा. हे ऐकून कुणी म्हणेल, कुबडीचा कसला आलाय हेवा? पण मी त्यांच्या शेजारीच राहायची. आमच्या अंगणांमधली भिंत कमरेएवढी, त्यामुळं पलीकडं भाकरी थापलेलीसुद्धा ऐकू यायची. सकाळी नाथाजी कुबडी टेकत गोठ्याकडं निघाले, की शालूबाईचा थापता हात थांबायचा. आवाज लांब गेला की मग पुढं.

शालूबाईच्या सासूचे, राहीबाईंचे, दोन्ही मुलगे पलटणीत होते. कोरेगावकडची आमची गावंच अशी, घरटी एक तरी माणूस मिलिट्रीत. एकाहत्तरच्या लढाईनंतर थोरले नाथाजी परत आले ते गुडघ्याखाली एक पाय नसलेले. धाकटा लालासाहेब आला नाही, आणि गेल्याचीही खबर आली नाही. ठावठिकाणा लागत नाही, एवढंच पलटणीनं कळवलं. शालूबाई ही त्या लालासाहेबाची बायको. कपाळाला कुंकू, हातात हिरवा चुडा, आणि माणूस कुठंच नाही.

थोरली जाऊ बनुबाई कधी भिंतीशी येऊन रडगाणं लावायची. "नसलेला पाय दुखतुया म्हनत्यात गं. आता नसलेल्या पायाला मी तेल कुठं चोळू?"

शालूबाई आतून बोलायची, "असलेल्या पायाला चोळा की. माणूस हाय न्हवं चोळायला?"

एकदा आमटीत मीठ कमी पडलं म्हणून नाथाजींनी ताट सरकवलं आणि बायकोवर खेकसले. बनुबाई डोळे पुसत बाहेर आली, तर शालूबाई म्हणाली, "माझ्यावर खेकसायला बी कोन न्हाई."

आणि नुसता जावेचाच हेवा असता तर एक वेळ समजलं असतं. तिला हरणाबाईचाही हेवा वाटायचा. हरणाबाई खालच्या आळीची. त्याच लढाईत तिचा नवरा गेल्याची तार आली होती. बांगड्या फुटल्या, दहावा-तेरावा झाला, कपाळ पांढरं झालं. एकदा ओढ्यावर आम्ही तिघी धुणं धूत होतो. शालूबाई एकदम म्हणाली, "तुझं बरं हाय हरणे."

हरणाबाईनं धोपटणं खाली ठेवलं. "काय बरं हाय गं माझं?"

"तुझं रडून झालं."

हरणाबाई म्हणाली, "मग घे माझं कपाळ, आन दे तुझं. करतीस अदलाबदल?"

शालूबाई पिळलेलं लुगडंच पुन्हा पिळत बसली.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना मी सगळ्यांसाठी काहीबाही मागायची. शालूबाईसाठी काय मागावं हे मात्र कळायचं नाही. माणूस परत येऊ दे म्हणावं, तर मागूनही आला नाही म्हणजे? आणि सुटका होऊ दे म्हणावं, तर जीभ रेटत नसे.

आष्ट्याहून तिचा भाऊ जोतीराम न्यायला आला होता. "आक्का, हितं कुणासाठी ऱ्हातीस? चल घरला." गेली, आणि आठवड्यात परत आली. भावजय चांगली होती, खायला-प्यायला कमी नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "मी आष्ट्याला हाय हे त्यास्नी कसं कळंल? आलं तर ह्याच दारात येतील." मग पदर खोचून कामाला लागली. नाथाजींना चिखलात उभं राहता येत नसे, म्हणून उसाला दारं धरायचं काम तिनं अंगावर घेतलं. पाण्याची पाळी आली की खोरं घेऊन एका सरीतलं पाणी दुसरीत वळवत ती दिवसभर उभी. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडली. पुढं पाणी आलं, पुन्हा खोरं उचललं. हे सगळं करत होती, आणि जळतही होती. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

पंचाहत्तर साली राहीबाईंनी अंथरूण धरलं. त्यांनी एकच धोशा लावला. "माझ्या डोळ्यांदेखत लालाला गती मिळू द्या. लेकरू कुठं वाऱ्यावर फिरतंय." ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायची रीत आहे. कोरेगावहून भटजी येऊन सांगून गेले, "खरं तर बारा वर्षं वाट बघतात. पण घरच्यांची खात्री असेल तर करता येईल." खात्री कुणाची? सगळ्यांनी शालूबाईकडं पाहिलं.

"करा," ती म्हणाली. इतक्या पटकन, की बनुबाईच दचकली. शालूबाई मला नंतर म्हणाली, "मला बी एकदाचं रडू दे की हरणीवानी."

आदल्या दिवशी दुपारी दोघी जावा बांधावर पळसाची पानं तोडायला गेल्या. मीही बरोबर होते. बनुबाई पानं तोडता तोडता मध्येच थांबली. "शाले, एक बोलू? तू माझ्यावर जळतीस ते मला ठावं हाय. पन मी बी तुझ्यावर जळती."

"माझ्यावर? काय हाय माझ्यापाशी जळन्याजोगं?"

"तुझा नवरा." बनुबाईनं पानांची जुडी छातीशी धरली. "माझा पलटणीत गेला तवा गाणी म्हनत गेला. आला त्यो दुसराच कोन तरी. हसत न्हाई, बोलत न्हाई, खेकसतो नुसता. त्यो गेलेला मला परत दिसंना. तुझा गेला तसाच हाय. अजून दोन्ही पायांवर चालतोय, हसतोय. आन उद्या तू त्यालाच जाळाया निघालीस."

शालूबाईनं तोडलेली पानं खाली ठेवली. परतताना मात्र पुन्हा उचलून घेतली.

दुसऱ्या दिवशी अंगणात घोंगडीवर राहीबाईंना बसवलं होतं. नाथाजी कुबडी बाजूला टाकून भुईवर बसले आणि भटजी सांगतील तशी पानं लावू लागले. डोकं झालं, हात झाले. मग पायांपाशी आले. दोन्ही पाय त्यांनी नीट लांब केले.

"आता अंगावर घालायला त्याचा सदरा आणा," भटजी म्हणाले.

शालूबाई आत गेली, ट्रंक उघडली. सदरा छातीशी धरून उंबऱ्यात उभी राहिली. थोरल्या दिरासमोर ती कधी मान वर करून बोललेली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"भावजी, तुमी त्यास्नी मेलेलं बघितलंय का?"

नाथाजींनी हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाले, "न्हाई."

"मग जाळू नगा."

राहीबाई हंबरल्या, "अगं, माझा जीव अडकलाय गं!"

"माझा बी अडकलाय, आत्याबाई. पन त्यो सुटू नये असं वाटतंय."

भटजींनी सामान आवरलं. नाथाजींनीच एकेक पान सोडवलं, टोपलीत भरलं, कुबडी टेकत ओढ्यावर जाऊन पाण्यात सोडून आले. राहीबाई पुढं दोन महिने होत्या. सुनेशी बोलल्या नाहीत, पाणी मात्र तिच्याच हातचं प्यायल्या. लालाला गती मिळालेली न बघताच गेल्या. शालूबाई बनुबाईच्या बरोबरीनं मोठ्यानं रडली. पण ते सासूसाठी.

त्या संक्रांतीला सुगडं घेऊन आम्ही ववसायला, एकमेकींना वाण द्यायला, देवळात गेलो. बायका एकमेकींना हळदीकुंकू लावत होत्या. शालूबाईपाशी आल्यावर दोघी-तिघींचे हात अडखळले. पुतळ्यापर्यंत गेलेली बाई, तिला सवाष्ण धरावी का न धरावी? बनुबाई पुढं झाली आणि जावेच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. शालूबाई तिला म्हणाली, "तुमचं बरं हाय जाऊबाई. घरी जाऊन धन्याला चुडा दावाल."

"मेले, आजच्या दिवशी तरी!" बनुबाई म्हणाली.

देवळाबाहेर पायरीवर हरणाबाई बसली होती. शालूबाईनं तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिनं कुंकवाकडं पाहिलं.

"अदलाबदल न्हाई केलीस तर."

"न्हाई."

"मग बस जळत."

"बसते की," शालूबाई म्हणाली, आणि तिच्याच शेजारी पायरीवर टेकली.