आधी कोंबड्या, मग झाड, मग जवान

राजस्थान सीमेवरच्या एका चौकीवर माझी पोस्टिंग झाली तेव्हा मे लागला होता. मी दारव्ह्याचा पवन, चार वर्षांसाठी भरती झालेला अग्निवीर, रेडिओ ऑपरेटर. ट्रकमधून उतरलो. समोर वाळू, तारेचं कुंपण, तीन बंकर. त्यातल्या एका बंकरमागून कोंबडा आरवला. ऊन डोक्यात गेलं असं मला वाटलं.

"भास नोहे बापू, कोंबडाच आहे," मागून आवाज आला. "गाव कोणतं?"

"दारव्हा."

"अन् मी दिग्रसचा! इतक्या दूर येऊन शेजारीच भेटला काय बे?"

हे नायक इरफान. चौकीची गाडी सांभाळायचे. वडिलांचं दिग्रसला बस स्टँडजवळ गॅरेज. आम्ही दोघं वऱ्हाडीत बोलू लागलो की बाकीचे विचारायचे, "झगड़ा हो रहा है क्या?"

जवळच्या ढाणीतल्या, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्तीतल्या, एका मेंढपाळाकडून इरफानभाईंनी पिल्लं आणली होती. वाळूच्या पोत्यांची भिंत, वर गवताचं छप्पर, बाजूला ओली गोणपाटं. त्यांनी मला कामाला लावलं. दाणे पहाटे आणि दिवस कलल्यावर. दुपारी एक दाणाही नाही, कारण पोटात दाणे असले की कोंबडी आतून तापते. पाण्याचं मडकं कायम सावलीत. कोंबडीनं चोच उघडून पंख अंगापासून दूर धरले की समजायचं, ऊन आता माणसालाही मारू शकतं.

बंकरमागे एक डाळिंब आणि एक लिंबू होतं. बुंध्याशेजारी मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. त्यात भांडी धुतल्याचं पाणी गाळून ओतायचं. मडकं झिरपतं आणि मुळं हवं तेवढं पितात. कोंबड्या आळं उकरायच्या, म्हणून भोवती काटे. कोंबड्यांचं खत आधी कुजवायचं, ताजं घातलं तर झाड जळतं.

पाणी भरताना त्यांचा क्रम ठरलेला होता. "आधी कोंबड्या, मग झाड, मग जवान."

"काहून भाई? आपण शेवटी काहून?"

"तुले तहान लागली तर तू बोंबलशील. ते कोणाले सांगतीन?"

चौकीचे प्रमुख असलेल्या सुबेदार साहेबांचा क्रम उलटा होता. पण रविवारी ताटात अंडं यायचं, त्यामुळे ते काही बोलत नसत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पाण्याचा टँकर आला नाही. चौकीची एकमेव गाडी गस्तीवर गेलेली. टाकीत माणसांना पिण्यापुरतं पाणी उरलं. एका सकाळी सुबेदारांनी हुकूम दिला, "मुर्गी का पानी बंद. पेड़ का भी."

"साहब, शाम तक एक नहीं बचेगी."

"तो शाम को पका लेंगे."

सगळे हसले. इरफानभाई हसले नाहीत.

दुपारी माझ्या सेटवर टँकरचा ड्रायव्हर बोलला. "फॅन बेल्ट टूट गया. इंजन गरम. चौकी से डेढ़ किलोमीटर. ओव्हर."

"वहीं रुको. शाम को मदद आएगी. ओव्हर," मी कळवलं.

दुपारी उघड्यावर जायचं नाही, असा चौकीचा नियम होता. इरफानभाई बंकरमागे जाऊन आले. दोन कोंबड्या आडव्या पडल्या होत्या. त्यांनी स्टोअरमधून बेल्ट काढला आणि सुबेदारांसमोर सावधानमध्ये उभे राहिले.

"साहब, बेल्ट मैं बदल दूँगा. धूप हमारे लिए नई नहीं. हमारे दिग्रस में ऐसी ही होती है."

सुबेदारांनी टाकीकडे पाहिलं. जवानांनाही उद्याचं पाणी नव्हतं. "परमिशन. एक आदमी साथ लो. पानी पूरा लो."

निघताना त्यांनी मेसमधला एक कांदा खिशात टाकला. आपल्याकडे उन्हात निघताना टाकतात तसा.

"भाई, सांभाळून."

"अबे, ऊन आपल्या घरचं आहे."

इथंच आम्ही चुकलो. यवतमाळ जिल्ह्यातला माणूस समजतो की उन्हाशी आपली सोयरीक आहे. पण आपल्या उन्हात दर दोन शेतांआड एखादा कडुनिंब असतो, कोणाच्या तरी ओट्यावर माठ असतो. आपण सोसतो ते सावली असलेलं ऊन. तिथं सावली नव्हती. होती ती टँकरखाली, आणि तिथं सोबतचा जवान आणि ड्रायव्हर बसले होते. इरफानभाई उघड्यावर, तापलेल्या इंजिनावर वाकून होते.

टँकर आला. चौकीत जल्लोष झाला. इरफानभाई उतरले, पहिली बादली भरून कोंबड्यांकडे गेले, दुसरी डाळिंबाच्या मडक्यात ओतली आणि भिंतीला टेकून बसले. मी पाण्याचा मग पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"पवन्या, दिग्रसची गाडी लागली काय?"

आम्ही हसलो. ते नेहमीच असं बोलायचे.

"सांग ना बे. माय वाट पाहून राह्यली. गाडी लागली काय?"

नर्सिंग असिस्टंटनं त्यांच्या कपाळाला हात लावला. कातडी कोरडी आणि भाजणारी. घामाचा थेंब नव्हता. त्यानं कपडे फाडले. आणलेलं पाणी आम्ही त्यांच्यावर ओतू लागलो. मी सेटवर गेलो.

"कॅज्युअल्टी वन. हीट स्ट्रोक. तुरंत इव्हॅक्युएशन. ओव्हर."

"रॉजर. इंतज़ार करो."

आम्ही इंतज़ार केला. गाडी आली तेव्हा नाडी लागत नव्हती. नर्सिंग असिस्टंटनं खिशातला कांदा काढून माझ्या हातात दिला. तो शिजल्यासारखा मऊ होता.

माझी चार वर्षांची मुदत संपली आणि मी दारव्ह्याला परतलो. दिग्रसला गावातल्या समितीनं वीरांच्या नावांचा दगड उभारला. त्यावर इरफानभाईंचं नाव नाही. मी विचारायला गेलो. समितीचे एक काका पंख्याखाली बसले होते.

"कोणत्या चकमकीत गेला तो?"

"उन्हाच्या."

"तसं नाही चालत रे. गोळी लागली असती तर गोष्ट वेगळी होती."

"काका, पंखा बंद करा अन् पुन्हा बोला," मी म्हणालो. त्यांनी पंखा बंद केला नाही.

मला त्यांना आणि तुम्हालाही हेच विचारायचं आहे. जवानाचं मरण मोजायला शत्रूची गोळीच का लागते? एका चौकीला पाणी मिळावं म्हणून जो परत न येण्याच्या उन्हात गेला, तो कशात कमी पडला? शौर्याचे नियम सावलीत बसून लिहिले जातात, म्हणून त्यात ऊन नसतं. त्या दगडावर नाव येईपर्यंत मी जात राहणार, पंखा चालू असो की बंद.

चौकी सोडताना त्या डाळिंबाची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून मी आणली होती. आता ती दिग्रसला इरफानभाईंच्या अंगणात छातीएवढी झाली आहे. शेजारी मडकं पुरलं आहे. भोवती काटे आणि काट्यांबाहेर त्यांच्या आईच्या, अम्मींच्या, सात-आठ देशी कोंबड्या. इरफानभाईंच्या तोंडचं शेवटचं वाक्य, 'गाडी लागली काय?', मी अम्मींना एकदाच सांगितलं होतं.

दर मे महिन्यात मी दारव्ह्याहून बसनं जातो. दारात पोचलो की अम्मी माझा चेहरा पाहत विचारतात, "बेटा, गाडी मिली?"

"मिली, अम्मी."

त्या मान हलवतात आणि बादली उचलतात. भर दुपार असते. माझा घसा कोरडा असतो, त्यांचाही. आम्ही आधी कोंबड्यांचं मडकं भरतो. मग डाळिंबाचं. मग अम्मी माठातून एक ग्लास भरून डाळिंबाच्या सावलीत ठेवतात. त्यानंतर आम्ही दोघं पितो.