अक्काचा कान आणि शनिवारचा क्लास

मागच्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचा चांगला कान एका सकाळी गेला. त्यानंतरचे सात आठवडे मी तिच्यासाठी रिलॅक्सेशनचा क्लास निवडण्यात घालवले. कान गेलाय हे तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. असल्या कानाला औषध लागू पडतं ते पहिल्या थोड्या दिवसांतच, हेही मला नव्हतं माहीत. आता आहे. आता माहीत असून काय करायचंय, डोंबल!

आम्ही मल्लेश्वरममधले जुने. आमच्या किती पिढ्या बेंगळुरात झाल्या ते आमच्या वडिलांनी, अप्पांनीही कधी मोजलं नाही. घरात मराठी, पण कानडी तिच्यात इतकी मुरलेली की पुण्याचे पाहुणे आमच्या तोंडाकडे बघत बसतात. भावोजी गेले आणि अक्का माझ्याकडे राहायला आली, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मी शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली, आवाज खणखणीत, राग नाकावर. अक्का माझ्या अगदी उलट. तिचा डावा कान लहानपणी फुटला तो कायमचा. त्यामुळे तिच्या उजवीकडे बसून बोलायचं ही आमच्या घरातली सवयच होती. उजव्या कानाबद्दल शंका घ्यायचं म्हणूनच कुणाला सुचलं नाही.

मग ती हाकेला ओ देईनाशी झाली. मी स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा भांडं आपटायची. बाहेर येऊन बघावं तर बाई खिडकीशी शांत बसलेली. मला वाटायचं, फुगलीय. काल काहीतरी बोलले असेन, ते धरून बसली असेल. माझं बोलणं असायचंच तसं. समोर उभं राहून काहीही विचारलं की ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि कानडीतलं 'बरं' म्हणायची, "सरी." भात टाकू? सरी. बाजारात जायचं? सरी. गुरुवारचं भजन तिने सोडलं. विचारलं तर म्हणाली, "स्वल्प डोकं दुखतं गं." फोन वाजत राहायचा, ती उचलायची नाही.

माझी मुलगी व्हाइटफील्डला असते, आयटीत. तिने फोनवरच निदान केलं. "आई, मावशीला काकांचं दुःख आता बाहेर येतंय. तिला रिलॅक्स व्हायला हवं." आणि दोन लिंका पाठवल्या. एक साउंड हीलिंग, तिच्याच सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. दुसरं गायडेड मेडिटेशन, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. दोन्ही एकेकदा करून बघा आणि काय ते ठरवा म्हणाली.

पहिल्या शनिवारी मॅजेस्टिकला मेट्रो बदलून आम्ही व्हाइटफील्ड गाठलं. पंधरा-वीस माणसं चटयांवर आडवी, आणि एक बाई काशाच्या वाट्यांच्या कडेवरून लाकडी दांडा फिरवत होती. मला तर आमच्या भांडेवाल्याच्या दुकानात निजल्यासारखं वाटत होतं. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. मग त्या बाईने एक मोठी वाटी अक्काच्या छातीवर ठेवली आणि हलकेच ठोकली. अक्काने एकदम डोळे उघडले. दोन्ही तळवे तिने त्या वाटीला लावले आणि ती रडायला लागली. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. बाकीची माणसं माना वर करून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या मेट्रोत अक्काने माझा हात धरला. "मला हेच हवं," ती म्हणाली. "आत वाजतं गं. हाडांत वाजतं." सगळा डबा वळून बघेल एवढ्या मोठ्याने म्हणाली. मी डोळे वटारले.

तिने निवडलं होतं. साठी ओलांडलेल्या बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की मला हे हवं. आणि मी काय केलं? मुलीला फोन करून म्हटलं, "ते वाट्याबिट्या नकोत. तिथे ती रडते. आपल्याला शांत करायचंय ना तिला?" मुलगी म्हणाली, "रडणं चांगलं असतं गं आई." मी म्हटलं, "तुझं शहाणपण तुझ्या ऑफिसात ठेव." आणि पुढच्या शनिवारी अक्काला मेडिटेशनच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं. ती पायरीवर थांबली, मला म्हणाली, "तिकडे नाही जायचं?" मी मानेनेच नाही म्हटलं. ती म्हणाली, "सरी."

तिथले सर मवाळ माणूस. पडदे ओढायचे, सगळ्यांना आडवं करायचे आणि संथ आवाजात सांगत राहायचे. आता पाय सैल सोडा. आता नदीकाठी आहात असं समजा. शेवटी म्हणायचे, हळूच बोटं हलवा, कुशीवर वळा, उठून बसा. सगळे उठायचे. अक्का पडलेलीच. पहिल्या दिवशी मी तिला हलवायला गेले तर सरांनी मला अडवलं. "राहू द्या. फार खोल गेल्यात त्या. वर्षानुवर्षं येणाऱ्यांना हे जमत नाही." बायका तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. माझी छाती फुगली. माझी निवड बरोबर होती ना! घरी येऊन मुलीला ऐकवलंसुद्धा. असे चार शनिवार मी मिरवत राहिले.

पाचव्या शनिवारी शेजारच्या चटईवरची बाई आपला फोन तिथेच विसरून पाणी प्यायला गेली. तो अक्काच्या उजव्या कानाशी वीतभर अंतरावर होता, आणि वाजला. सनई-चौघड्याची रिंगटोन, आवाज पूर्ण. सगळा हॉल दचकला, सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. अक्काची पापणी हलली नाही.

मी तिच्या डोक्यामागे उकिडवी बसले आणि टाळी वाजवली. परत वाजवली. मग तिच्या खांद्याला हात लावला, तशी ती डोळे उघडून ओशाळं हसली आणि लगबगीने उठायला लागली, उशीर झाल्यासारखी. मी खूण करून विचारलं, ऐकू येतं? तिने इकडेतिकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "डोळे उघडे असले की निभतं गं. मिटले की काहीच उरत नाही. मला इथे भीती वाटते."

सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासण्या केल्या आणि केव्हापासून, असं विचारलं. मी म्हटलं, महिनाभर झाला असेल. अक्काने माझ्या ओठांवरून ते ओळखलं आणि मला दुरुस्त केलं. सात आठवडे. सकाळी उठले तर कानात मोठी शिट्टी वाजत होती, मग तीही नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. लगेच आला असतात तर औषधाने कदाचित परत आलं असतं, आता आशा धरू नका, म्हणाले. पुढे मशिनबद्दल बोलत होते. मला नीटसं आठवत नाही.

घरी जायला रिक्षा केली. मल्लेश्वरमच्या सिग्नलला खूप वेळ अडकलो. मी पर्समधून पेन काढलं आणि डॉक्टरांच्या पाकिटामागे लिहिलं, "मला का नाही सांगितलंस?" लिहितानासुद्धा रागानेच लिहिलं, पाकीट फाटलं थोडं.

तिने वाचलं. तिचा आवाज किती चढलाय ते तिला कळत नव्हतं. एरवी परक्यासमोर आम्ही मराठीत बोलतो ते कुणाला कळू नये म्हणून, आणि ती तर सबंध रस्त्याला ऐकू जाईल असं बोलली.

"तुझी भीती वाटली. अप्पांना शेवटी ऐकू येईनासं झालं होतं, तेव्हा तू त्यांना कशी बोलायचीस, मी बघितलंय. सगळं दोनदोनदा सांगायला लागतं म्हणून ताट त्यांच्यासमोर आदळायचीस. ते मग बोलायचेच बंद झाले. मला वाटलं, मी जरा सांभाळून राहिले तर तुला कळणार नाही."

ती चिडून नव्हती बोलत. सांगत होती नुसती.

"चुकले गं अक्का," मी म्हटलं. ती तेवढ्यात बाहेर बघायला लागली होती. पेन माझ्या हातात होतं, पाकिटावर जागाही होती. मला ते लिहवलं नाही.