काचेवरचं मीठ

रिठदचे जानराव मास्तर निवृत्त झाले, त्याच साली बायको गेली. एकुलता रामकिसन मुंबईला मत्स्यालयात नोकरीला. सहा महिन्यांतून त्याचं एक पत्र येई, तेही चार ओळींचं. १९५५च्या संक्रांतीला मात्र तो स्वतः आला. काचेची पेटी, प्रवाळाचा दगड, समुद्राच्या पाण्याच्या बरण्या आणि दोन नारिंगी-पांढरे मासे घेऊन. "बाबा, तुमाले सोबत," म्हणाला, आणि चौथ्या दिवशी गेलाही.

मग दर आठवड्याला पत्र! मासे खातात ना? पाणी तापत नाही ना? बापाच्या तब्येतीची एक ओळ नाही. पण मासे मेले की पत्रंही संपली, हे मास्तरांना स्वच्छ कळत होतं. ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये ते सायकलच्या पंपाने हवा भरत आणि बारीक नळीने पाण्यात सोडत.

शेजारची गोजराबाई भाकर घेऊन येई अन् दारातूनच हसे, "मास्तर, मासोळ्याईले हवा भरून राह्यले, अन् तुमची सायकल बसली पंक्चर!"

चैत्रात पाणी रोज बोटभर उतरू लागलं. मास्तर विहिरीच्या पाण्यात मीठ कालवून भर घालत. शहाण्याला कोण सांगणार? एक मासा तळाशी बसला तो उठलाच नाही. मास्तरांनी त्याला परसात पुरलं आणि मुंबईला कळवलं, 'दोघेही मजेत.'

दुसराही खाईना. गोजराबाईनं काचेच्या कडेवरचं पांढरं खरवडून जिभेला लावलं.

"मीठ हाय हे. लोणारच्या काठाले असंच रायते. पानी उडते, मीठ कुठं उडते? तुमी वरून अजून कायले टाकता?"

तीस वर्षं पोरांना बाष्पीभवन शिकवलेल्या माणसाने तांब्या उचलला. रोज तांब्याभर खारं काढायचं, गोडं घालून पेटी पुन्हा भरायची. नवव्या दिवशी माशाने सुकटीचा चुरा खाल्ला.

एका माशासाठी रामकिसन किती दिवस लिहील? तरी मास्तरांनी लिहिलं, 'एक माझ्या चुकीनं मेला. मागचं पत्र खोटं होतं. दुसरा खातो आहे. येऊन बघून जा.'

उत्तर दोन पानांचं आलं.

"पोरगा येतो म्हनते का?" गोजराबाईनं विचारलं.

मास्तरांनी कागद उलटून पुन्हा पाहिला.

"पान्याचं लिवलं हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी पंप हातात घेतला.